सेनिसाच्या जबड्यातली तार

"मुखवटा काढावा लागेल," हेर्लिंदा म्हणाली.

"तो निघत नाही."

"गाठ बसलीय का? थांबा, कात्री आहे माझ्याकडे."

"गाठ नाही बसली, बाई. निघत नाही म्हणजे मी काढत नाही."

सोमवारी सकाळी साडेनऊची वेळ होती. अपिसाकोच्या सरकारी इस्पितळातल्या एक्स-रे खोलीत तो माणूस स्टुलावर ताठ बसला होता. तपकिरी सूट, इस्त्रीचा शर्ट, टाय, आणि टायच्या वर राखाडी कापडाचा मुखवटा. कपाळापासून हनुवटीपर्यंत एक लाल रेघ. डोळे, नाकपुड्या आणि तोंड एवढंच उघडं. उजव्या हाताने त्याने डावा हात धरून ठेवला होता, कारण काल संध्याकाळपासून त्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट बधिर होतं.

चिठ्ठीवर नावाच्या जागी कुस्तीच्या अरेनाच्या मॅनेजरचं नाव होतं आणि त्याखाली बारीक अक्षरात 'सेनिसा'. वयाचा रकाना रिकामा होता.

सेनिसा म्हणजे राख. ज्वालामुखी खोकला की गावात वाळत घातलेल्या चादरींवर जी बसते, ती. हे नाव हेर्लिंदाने छत्तीस वर्षं दर रविवारी घसा बसेपर्यंत ओरडून घेतलं होतं. आता तो माणूस तिच्यापासून हातभर अंतरावर होता आणि तिला घसाच सापडत नव्हता.

दार ढकलून कुका नर्सने डोकं आत घातलं. "हेर्लिंदे, आला का तुझा राखुंड्या? काल आमच्या काम्पानेरोने असला आपटला ना त्याला! मान आहे का जागेवर, नीट मोजून घे."

"पाठीमागून चावल्यावर कुणीही आपटेल," मुखवटा म्हणाला.

"तुम्हीच चावला होतात त्याला!"

"तेच म्हणतोय मी."

कुका खिदळत गेली. हेर्लिंदाने दार लावून कडी घातली आणि त्याच्या मानेमागे जाऊन उभी राहिली. मुखवट्याला मागून टाळूपासून मानेपर्यंत बुटासारखी नाडी होती, आणि नाडी ओवायला पितळी घरांच्या दोन रांगा.

"हे बघा," ती म्हणाली, "कापडाचा मला त्रास नाही. कापडातून किरण सरळ जातात. पण ही पितळी घरं मणक्यांवर येतात. डॉक्टरला हाडाऐवजी बावीस पितळी टिकल्या दिसतील."

"मग पितळेला काही झालंय का, तेवढं सांगा."

"चेष्टा नको. काल कसे पडलात ते मी पाहिलंय. तिसऱ्या रांगेत होते."

त्याने मान वळवायचा प्रयत्न केला. ती वळली नाही, म्हणून तो स्टुलासकट वळला. "कुठल्या बाजूला?"

"आपल्या."

मुखवट्यातले डोळे बारीक झाले. तो हसला असावा.

आपली बाजू म्हणजे रुदोंची. नियम मोडणाऱ्यांची, पंचाच्या पाठीमागे चावणाऱ्यांची. लोकरीच्या गिरणीमागच्या त्या अरेनात दारातून आत आलं की डावीकडे सज्जनांचे चाहते बसतात आणि उजवीकडे रुदोंचे. कुठे बसायचं हे माणूस एकदाच ठरवतो. हेर्लिंदासाठी ते तिच्या दादाने ठरवलं होतं.

तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि अबुंदिओ एकोणीसचा. तो रेल्वेच्या कार्यशाळेत चाकांना तेलपाणी करायचा. आईचं डोकं कायम दुखायचं, त्यामुळे घरात मोठ्याने बोलायची बंदी होती. हेर्लिंदाला तर कुजबुजायचीच सवय लागली होती. एका रविवारी अबुंदिओने तिला खांद्यावर घेतलं आणि अरेनाच्या दारात थांबून सांगितलं, "डावीकडे बसलो तर टाळ्या वाजवायच्या. उजवीकडे बसलो तर मनात येईल ते ओरडायचं. कुठे बसू या, पोरी?"

"उजवीकडे," ती त्याच्या कानात कुजबुजली.

पहिल्या कुस्तीला तिचं तोंड उघडलं नाही. दुसऱ्यालाही नाही. शेवटच्या कुस्तीत सेनिसा दोरांवरून उडाला, प्रतिस्पर्धी बाजूला झाला, आणि सेनिसाचा जबडा पहिल्या रांगेपुढच्या लोखंडी कठड्यावर आदळला. मुखवट्याच्या तोंडातून रक्त आलं. अबुंदिओ पहिल्याच रांगेत उभा होता. पांढऱ्या शर्टावर, छातीपासून खिशापर्यंत, थेंबांची तिरकी रांग उमटली. पंच मोजू लागला. बारा, तेरा, चौदा. वीसला खेळ खलास. सगळा अरेना अचानक गप्प झाला, आणि त्या शांततेत दादाच्या खांद्यावरून एक आवाज आला. तो आपला आहे हे हेर्लिंदाला जरा उशिरा कळलं.

"ऊठ! ऊठ ना! ऊठ!"

सतराला तो उठला.

आपण ओरडलो म्हणून तो उठला, असा निष्कर्ष तिने काढला. पुढे शाळेत विज्ञानाच्या बाईंनी शिकवलं की एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टींत कारण असतंच असं नाही. हेर्लिंदाला ते पटलं आणि परीक्षेत तिने ते बरोबर लिहिलं. पण रविवार चुकवायची तिची कधी हिंमत झाली नाही.

त्याच आठवड्यात मंगळवारी अबुंदिओ उत्तरेला गेला, सरहद्दीपलीकडे, द्राक्षांच्या मळ्यात कामाला. आईने शर्ट धुवायला मागितला तर दिला नाही. तोच घालून बसमध्ये चढला. "कुणी विचारलं तर सांगेन, सेनिसाचं रक्त आहे," तो म्हणाला. बस सुटली तेव्हा हेर्लिंदाला ओरडायचं होतं. पण शेजारी आई डोकं धरून उभी होती, म्हणून ती ओरडली नाही. दोन वर्षं पत्रं आली. मग तिने पाठवलेलं पत्र तसंच बंद परत आलं.

सेनिसाचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. कुस्तीच्या साप्ताहिकात त्याच्या एक्स-रेचा फोटो छापून आला. डाव्या बाजूला हाडाला दोन भोकं पाडून, आठच्या आकड्यासारखी पिळलेली तार. खाली लिहिलं होतं की ही तार आता जन्मभर तिथेच राहणार. हेर्लिंदाने आयुष्यात पाहिलेला तो पहिला एक्स-रे. तिने तो कापून ठेवला. पंधराव्या वर्षी धाकट्या मावशीने विचारलं, "पुढे काय करणार गं?" तेव्हा तिने तो कागद दाखवला, आणि घरात कुणाला काही कळलं नाही.

नोकरी लागली. लग्न झालं. नवरा दोनदा अरेनात आला आणि म्हणाला, "हे सगळं आधी ठरलेलं असतं." हेर्लिंदा म्हणाली, "चर्चमधली प्रार्थनाही ठरलेलीच असते, तरी जातोस ना?" पुढे नवरा सोडून गेला, त्याला वेगळी कारणं होती. रविवार राहिले. तिसऱ्या रांगेत, खांबाजवळ, सिमेंटच्या बाकावर ती बसायची, आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवायची. पिशवीत खारवलेल्या भोपळ्याच्या बिया आणि शाल. कुणी विचारलं, "इथे कोणी आहे का?" तर म्हणायची, "आहे, येतोय."

तिच्या लेखी त्या रविवारचे आता तिच्याशिवाय दोघंच साक्षीदार होते. एक परत आलाच नाही. दुसरा समोर स्टुलावर बसला होता.

"बरं," हेर्लिंदा म्हणाली. "मी डोळे मिटते. मग काढाल?"

"आणि चुकून उघडले तर?"

"मी दिवसातले चार तास अंधारखोलीत फिल्मा हाताळते. डोळ्यांवाचून काम करायची मला सवय आहे. कानाचं भोक, डोळ्याचा कोपरा आणि जबड्याचा कोन, ही तीन ठिकाणं बोटाला सापडली की डोकं कुठल्या दिशेला आहे ते मला कळतं. यंत्रापासून बटणापर्यंत सहा पावलं आहेत. तिथे मी पाठ करून उभी राहीन."

तो स्टुलासकट पुन्हा पाठमोरा झाला. मग म्हणाला, "नाडी तुम्ही सोडा. माझा अंगठा चालत नाही."

तिने गाठ सोडली, नाडी वरपर्यंत सैल केली आणि डोळे मिटले. कापड ओढल्याचा आवाज आला. तिच्या हातात काहीतरी गरम, घामट, वाटलं होतं त्यापेक्षा फार हलकं असं ठेवलं गेलं. तिने ते चाचपडत टेबलावर ठेवलं.

"हलू नका. मान मी वळवणार नाही, तुम्हीही वळवायची नाही."

तिची बोटं कामाला लागली. कान जाड आणि घट्ट होता, वर्षानुवर्षं घासून झालेला. कपाळावर आडव्या खाचा, नांगरलेल्या जमिनीसारख्या. गालावर दोन दिवसांची दाढी. तिने फिल्मची पेटी खांद्याशी लावली, नळी सरळ केली. जबड्याचा डावा कोन. तार बोटाला लागत नसते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी बोट तिथे कामापुरतं थांबायचं ते जरासं जास्त थांबलं.

सहा पावलं, बटण, सहा पावलं. एक बाजूने, एक समोरून, एक तोंड उघडं ठेवून. तिन्ही वेळा तिने पापण्या इतक्या घट्ट आवळल्या की शेवटी डोळ्यांपुढे हिरवे ठिपके नाचू लागले.

"झालं. घाला."

नाडी तिनेच बांधली, डोळे उघडून, मागून. बावीस घरं.

अंधारखोलीत लाल दिव्याखाली तिने फिल्मा पहिल्या टाकीत सोडल्या. चार मिनिटं. एरवी या चार मिनिटांत ती कुकाशी दाराआडून गप्पा मारायची. आज तिने टाकीत पाहिलं. पहिल्यांदा दात आले, नेहमीच आधी दात येतात. मग कवटीची मागची कड, मग मणके, एकाखाली एक. पाण्यातून, मग चित्र पक्कं करणाऱ्या स्थिरकाच्या टाकीतून काढून तिने बाजूची फिल्म चिमट्याला टांगली आणि पांढरा दिवा लावला.

सहाव्या मणक्याच्या मागच्या कमानीला तडा होता आणि मणका किंचित पुढे सरकला होता. दोन मिलिमीटर. हे तिने आधी पाहिलं, कारण तेच तिचं काम होतं.

मग तिने जबडा पाहिला.

तार नव्हती.

तारा कधीकधी काढतात, हे तिला माहीत होतं. तिने भिंग घेतलं. तार काढली तरी भोकांच्या खुणा राहतात. हाड जुळलं तरी त्याची कड पूर्वीसारखी राहत नाही. फिल्म ओली होती आणि तिच्या कोपरावर थेंब पडत होते. जबड्याची खालची कड एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत स्वच्छ होती. हा जबडा कधीच मोडला नव्हता. आणि मणक्यांच्या कडा पाहिल्या तर हा माणूस पंचेचाळीसचा असेल, फार तर पन्नासचा.

त्या रविवारी सेनिसा निदान पंचविशीचा असणार. त्यात छत्तीस मिळवायचे. पहिलीतल्या मुलाला जमेल अशी बेरीज होती. अरेनातल्या कुणीच ती कधी केली नव्हती, तिनेसुद्धा. उलट दर वर्षी ते एकमेकांना अभिमानाने सांगायचे, "आपला सेनिसा म्हातारा होत नाही!"

ती टाक्यांच्या कडेला टेकून उभी राहिली. तिला विचारायचं होतं, छत्तीस वर्षं विचारायचं होतं, की पहिल्या रांगेतला तो पांढरा शर्ट आठवतो का. आता तो प्रश्न कुणाला विचारायचा?

तरुण डॉक्टरने फिल्मा उजेडाला धरल्या आणि त्याचा चेहरा उतरला. "हा माणूस चालत आलाय?" त्याने विचारलं. मग त्याने मानेला कडक पट्टा लिहून दिला आणि पुएब्लाच्या मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी. कुस्ती बंद. सहा महिने, बहुधा कायमची. "तुम्ही समजावा त्यांना," तो हेर्लिंदाला म्हणाला. "मी सांगितलं तर ते मला चावतील."

पट्टा तिनेच बसवला. मुखवट्यावरून.

"बंद म्हणजे बंद," ती म्हणाली. "पुन्हा तसे पडलात तर हात जातील, पायही जातील. कळतंय ना?"

"रविवारी सेनिसा आहे. पत्रकं लागलीत."

"लागू देत!"

"सेनिसाने रविवार कधी चुकवला नाही, बाई. तुम्हाला माहितीये."

तिला माहीत होतं. तिने पट्ट्याचा शेवटचा बंद आवळला. निघायला तो उठला, तेव्हा तिला राहवलं नाही.

"जबड्यातली तार अजून त्रास देते का?"

तो थांबला. आपली फिल्म हिने पाहिली आहे, हे त्याला कळत होतं. त्यात काय नाही, हेही कळत असणार. त्याचा बरा हात सावकाश वर गेला आणि मुखवट्यावर टेकला. डाव्या बाजूला, बरोबर त्या ठिकाणी.

"थंडीत टोचते," तो म्हणाला. "सकाळी जास्त."

"हो. थंडीत टोचणारच."

"त्या दिवशी मी उठलोच नसतो." तो हळू, पाठ केलेलं सांगावं तसा, पण एकही शब्द न गाळता बोलत होता. "पंच मोजत होता. समोर एक पोर ओरडायला लागलं, म्हणून उठलो. ज्याच्या खांद्यावर ते पोर होतं, त्याचा पांढरा शर्ट मी खराब केला. अगदी नवा दिसत होता. त्याची माफी मागायची राहून गेली."

हेर्लिंदाने टेबलावरची कात्री उचलली आणि होती तिथेच परत ठेवली.

"त्याने तो धुतलाच नाही," ती म्हणाली.

मुखवट्यातले डोळे तिच्याकडे पाहत राहिले. मग तो म्हणाला, "सांगेन." कुणाला, हे तिने विचारलं नाही. तो दारातून थोडा तिरका होऊन बाहेर पडला, कारण पट्ट्यामुळे त्याला खालचा उंबरठा दिसत नव्हता.

तो आठवडा तिला लांब गेला. गुरुवारी कुका म्हणाली, "येऊ दे तुझ्या राखुंड्याला. काम्पानेरो उरलेली मान काढून देईल." हेर्लिंदा इतकी पांढरी पडली की कुकाने तिला बसवून पाणी दिलं. "अगं, गंमत केली मी."

रविवारी ती तासभर आधी जाऊन बसली. तिसरी रांग, खांबाजवळ. शेजारी पिशवी. पहिल्या कुस्त्या तिला दिसल्याच नाहीत. तो आला तर ती काय करणार होती? उठून ओरडणार होती की याची मान मोडलीय, याला उतरवा? इतक्या लोकांसमोर? आणि तो न येण्यापेक्षा ते बरं की वाईट, हेही तिला ठरवता येत नव्हतं.

दिवे मंद झाले. डावीकडून शिव्यांचा पूर आला, उजवीकडून आरोळी. राखाडी मुखवटा, लाल रेघ. सेनिसा धावत आला, दोर धरून उलटी उडी मारून रिंगमध्ये उतरला, आणि डावीकडच्या लोकांना चिडवायला त्याने मान गर्रकन फिरवली. आधी एका खांद्यापर्यंत, मग दुसऱ्या.

हेर्लिंदाच्या छातीतली हवा बाहेर पडली. ती मान शाबूत होती. सातच्या सात मणके. उडी जरा जास्तच उंच होती आणि डाव्या पायावर उतरताना तो अडखळला, नवीन बूट असल्यासारखा.

आजूबाजूला सगळे नाव घेऊन ओरडत होते. "म्हातारा होत नाही हा!" मागचा एकजण म्हणाला. हेर्लिंदाने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. हा पोरगा कोण, कुठला? याच्यासाठी आपण का ओरडायचं?

काम्पानेरोने त्याला उचलून आपटलं. तो पालथा पडला. पंच गुडघ्यावर बसला.

"इथे कोणी आहे का, बाई?"

आवाज तिच्या उजवीकडून, वरून आला. नजरेच्या कोपऱ्यात तपकिरी पँट दिसली, इस्त्रीची, आणि शिवणीला टेकलेला एक हात, ज्याचा अंगठा वाकत नव्हता. त्या पँटीच्या वर कुठेतरी मानेचा पांढरा पट्टा असणार होता, आणि पट्ट्याच्या वर, आज, एक चेहरा. मान जराशी वर केली की दिसला असता.

तिने मान वर केली नाही. समोर रिंगकडे पाहत तिने शेजारची पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली.

"नाही," ती म्हणाली. "बसा."

सिमेंटच्या बाकावर कुणीतरी जपून, पाठ ताठ ठेवून बसलं. रिंगमधला अजून पालथाच होता. शेजारून दात आवळल्यासारखा एक घोगरा आवाज आला, पट्ट्यात अडकलेला, दोन हातांपलीकडे ऐकू न जाणारा: "ऊठ रे."

हेर्लिंदाने पिशवीतल्या बिया समोर बघतच शेजाऱ्याच्या ओंजळीत ओतल्या, आणि मग ओरडली.